फुली

"बाबांनी स्वतः फुली मारलीय, हेमा. हा अंतरा त्यांना नको होता." मुकुंददादांनी स्टुडिओतल्या माईकसमोरची वही बंद केली. "अर्धवट राहिलेलं अर्धवटच राहू दे. तू पुरी केलेली बंदिश बाबांच्या नावावर मी खपवून घेणार नाही."

दादांचे वडील म्हणजे हेमलताचे गुरुजी. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. ती एकोणीस वर्षं त्यांच्यापुढे बसली होती. दादा त्यांच्या मैफलींच्या तारखा सांभाळायचे, गाण्याच्या वाटेला कधी गेले नव्हते.

तिने वही पुन्हा उघडली. वर गुरुजींच्या अक्षरात अख्खी अस्थाई होती. खाली 'अंतरा' एवढंच लिहून त्यांनी ओळ मोकळी सोडली होती. तिच्यात एकच स्वर, वरचा सा, आणि त्याच्या बरोब्बर खाली ती फुली.

"दादा, चुकलं की गुरुजी आडवी रेघ मारायचे. फुली ते समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला काढायचे. कुठे पोचायचं ते त्यांनी सांगून ठेवलंय. तिथवरची वाट माझ्यावर सोडली होती, ती मी शोधलीय. आता अडवायचं असेल तर गाताना अडवा."

तिने तबलजीला खूण केली. दादा काचेपलीकडे जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले.

अंतरा उठला, वळणं घेत चढला आणि समेवर नेमका वरच्या 'सा'वर येऊन टेकला. त्याच क्षणी दादांची मान त्यांना न विचारता डोलली.

गाताना हेमलता नेहमी डोळे मिटून घ्यायची. आज तिने ते उघडे ठेवले होते.