एकावन्नावं पान

देशात धान्य कमी, म्हणून सरकारनं हुकूम काढला की लग्नात पन्नासच्या वर माणसं जेवायची नाहीत. देशाचं पोट भरावं म्हणून माझ्या बाबांनी अर्धी भाऊकी नाराज केली. सक्करदऱ्यात प्रेमिलाताईच्या लग्नाची पंगत बसली आणि पुरवठा खात्याचे साहेब हजर! त्यांनी पत्रावळी मोजल्या. बरोब्बर पन्नास. साहेबांचं तोंडच उतरलं.

बाबांना मात्र इतका आनंद झाला, की त्यांनी हात धरून साहेबांना पाटावरच बसवलं. "मांडवातून उपाशी कसे जाता साहेब? माह्या पोरीचं लग्न आहे!"

साहेब 'नको, नको' म्हणत दोनदा वरण-भात आणि तीनदा बुंदी जेवले. मग हात धुऊन म्हणाले, "चंपतराव, एकावन्न पानं झाली नं गा. आता खटला भरा लागते तुमच्यावर."

बाबा पांढरेफटक पडले. मी बुंदीची बादली खाली ठेवली. "भरा नं साहेब! एकावन्नावा कोण जेवला, ते मी सांगीन कोर्टात."

साहेबांनी मिशीतली बुंदी पुसली, मोठ्ठी ढेकर दिली आणि भर मांडवात जाहीर केलं, की त्यांनी तर सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही.