पट्टीच्या टोकावरचा बैल

"तुमचा बैल व्हय, पाटील. तुमीच ओढा," उकंडा म्हणाला. "बुद्धाची दीक्षा घेतली त्याले चार वर्सं झाली. मेलेलं ढोर ओढनं सोडलं आमी."

एवढं बोलून तो आपल्या वाटेनं चालू लागला. नागोराव पाटील त्याच्या पाठीकडे बघत राहिले. बाभुळगावजवळच्या त्यांच्या पडीत वावरात कपाशीवर औषध मारायचं विमान उभं होतं. त्याला धावायला जमिनीची लांब पट्टी सपाट केली होती. तिच्या ऐन टोकाला पाटलांचाच म्हातारा बैल पहाटे मरून पडला होता.

वारा सुटायच्या आत विमान उडायला हवं होतं. कपाशी किडीनं चालली होती. वावराच्या कडेला धुऱ्यावर शेतकरी जमले होते, पण दोराला हात लावायचं नाव कोणी काढेना. नागोराव तरी कसे लावतील? मुलीची सोयरीक जुळत आलेली. पाटलानं ढोर ओढलं हे कानावर गेलं, तर पाहुणे दारात उभे राहिले नसते. त्यांनी लांबूनच कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकून बैल झाकला.

"पाटीलसाब, वो ढेर काहे का है?" तरुण पायलटनं विचारलं.

"वायलेल्या पऱ्हाट्या हायेत, साहेब. काही नाही होत."

विमान सुटलं. पोटात औषध भरलेलं, ते लवकर उचलेना. टोकाला चाक ढिगात शिरलं, आणि विमान नाकावर आपटून उलटं झालं.

धुऱ्यावरची माणसं जागीच थिजली. रस्त्यावरून धावत आला तो उकंडा. त्यानं पायलटला ओढून काढलं, खांद्यावर घेतलं, बैलगाडीत निजवलं. मग नागोराव सोडून सगळेच गाडीमागं दवाखान्याकडे पळाले.

तासाभरानं शेजारचा घनश्याम सायकल दामटत आला.

"वाटेतच गेला बिचारा! फौजदार येऊन राह्यला. चाक कायले अडकलं ते पाह्यतो म्हने."

तो तसाच माघारी वळला. नागोरावांना रडू फुटलं. परक्या आईचं लेकरू आपल्या शब्दावर गेलं, हे त्यांना कळत होतं. डोळे पुसून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. वावरात चिटपाखरू नव्हतं.

मग त्यांनी पऱ्हाट्या दूर केल्या, मेलेल्या बैलाच्या पायांना आपल्या हातानं दोर बांधला आणि दुसरी जोडी जुंपून त्याला नाल्यापार ओढून नेलं.

फौजदार पोचला, तेव्हा पाटलांची आंघोळसुद्धा उरकली होती.