परागचा डी

दहावीच्या सुट्टीत गेम पळावेत म्हणून परागने घरच्या कॉम्प्युटरच्या मेन मेमरीतला एक तुकडा वेगळा काढून त्याचा ‘डी’ ड्राइव्ह केला होता. त्यात ठेवलेलं झटक्यात उघडायचं, पण वीज गेली की सगळं पुसलं जायचं. बाबांना एवढं कोण समजावत बसणार? “डी माझा आहे, त्याला हात लावायचा नाही,” इतकंच सांगून तो मोकळा झाला होता.

सहा वर्षांच्या अबोल्यानंतर पराग आज दुपारी कतारहून थेट सिल्व्हर पार्कच्या घरी पोचला, तेव्हा बाबा हॉलमध्ये भाड्याने आणलेल्या फ्रीजरच्या पेटीत होते. बहीण संपदा त्याला कोपऱ्यातल्या त्याच जुन्या कॉम्प्युटरपाशी घेऊन गेली.

“गेल्या आठवड्यात माळ्यावरून काढायला लावला. पेन धरवत नव्हतं ना त्यांना. चार दिवस एकेक बोटाने टाइप करत होते, तुझ्यासाठी. परत सुरू होईल न होईल म्हणून रात्रीसुद्धा बंद करू देत नव्हते. मला म्हणाले, परागच्या डीमध्येच ठेवलंय, त्याचं त्यालाच मिळू दे.”

स्क्रीन काळी होती.

“हा बंद कुणी केला?”

 

“मीच रे. हॉलमध्ये प्लग एकच आहे, आणि तू येईपर्यंत बाबांना ठेवायचं होतं ना.”