फेब्रुवारीतली फुलं

स्वीडनच्या रानात एप्रिलमध्ये येणारी पांढरी फुलं यंदा फेब्रुवारीतच बर्चच्या झाडांखाली उमललेली पाहून गुनवोर जागीच थबकली.

"पहिलं फूल गिळलं की वर्षभर ताप फिरकत नाही, तूच सांगतेस ना?" असं म्हणत तिच्या लेकीनं, एब्बानं, एक गिळलंसुद्धा.

"अगं कार्टे, त्यांची वेळ तरी होऊ द्यायचीस!"

ही फुलं उन्हात उमलतात आणि सावली पडली की मिटतात. ऊन लख्ख होतं, झाडांवर पानही नव्हतं. तरीही लांबवरची फुलं मिटू लागली. मिटण्याची ती रेघ माणसाच्या चालीनं सरळ एब्बाच्या बुटांपाशी येऊन थांबली.

एब्बानं छातीवर हात दाबला.

"आई, गिळलेलं फूलसुद्धा आत्ता मिटलं गं."