बांधावरची वीत

सकाळी नऊ चाळीसला मोजणीदार शेतात उतरला. हातात लोखंडी फीत, काखेत नकाशा, खांद्याला खुंट्यांची पिशवी.

बांधावर चौघं वाट पाहत होते. मोजणीचा अर्ज करणारी धाकटी, तिचा थोरला दीर आणि पंच म्हणून बोलावलेले दोन शेजारी. जरा लांब थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, पाण्याची कळशी आणि कुदळ घेऊन उभी होती.

मोजणीदाराने गुडघ्यावर कागद ठेवून हजर माणसं लिहायला घेतली.

"अर्जदार. व्यवसाय?"

"शेती," धाकटी म्हणाली.

"लिहा साहेब, लिहा," थोरला हसला. "उद्या म्हणेल, नांगरसुद्धा मीच शोधून काढला."

"आणि त्या बाई?"

"ती माझी बायको. घरीच असते. काही करत नाही."

थोरलीच्या पायांवर घोट्यापर्यंत माती सुकलेली होती. मोजणीदाराने तिकडे एकदा पाहिलं आणि रकाना मोकळा सोडला.

धाकटीचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. भावाभावांच्या वाटण्या त्याआधीच झाल्या होत्या. निम्मं शेत थोरल्याचं, निम्मं तिच्या नवऱ्याचं, मध्ये बांध. नवऱ्याच्या माघारी तिने शेत सोडलं नाही. थोरल्याने बटाईने मागितलं, तिने दिलं नाही. त्याच वर्षी नांगरटीला थोरल्याचा नांगर बांधाला घासून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा. दर वर्षी बांधाची त्याच्याकडची कड ताजी कापलेली दिसायची.

आणि नांगरट झाली की चार-आठ दिवसांत थोरली कुदळ घेऊन बांधावर यायची. नांगरट पुरुषांची, बांधाची डागडुजी बायकांची, अशीच त्या घरातली पद्धत. धाकटीने तिला पहाटे लांबून पाहिलं होतं. ती खाली वाकून बांधाची अलीकडची, धाकटीच्या बाजूची कड तासत असायची. नवरा तिकडून कोरतो आणि बायको इकडून, धाकटीच्या मनाने घेतलं. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं कामापुरतं उरलं.

मोजणीची नोटीस लागली त्या संध्याकाळी थोरली आपणहून तिच्या दारात आली.

"अर्ज मागे घे."

"भाऊजींनी पाठवलं?"

"ह्यांनी पाठवलं, पण सांगतेय मी. आहे ते राहू दे. मोजलंस तर तुलाच जड जाईल."

"धमकी देताय का, जाऊबाई?"

थोरली उंबऱ्यावरून मागे वळली. "तू पण ना, एकदा धरलंस की धरलंस," एवढं म्हणून ती गेली.

धाकटीने अर्ज मागे घेतला नाही.

कोपऱ्यातला हद्दीचा दगड कधीच मातीखाली गेला होता. तो शोधण्यात पाऊण तास गेला. मग फितीचं एक टोक एका पंचाने धरलं, दुसरं मोजणीदाराने. खुंट्या ठोकल्या गेल्या. मोजणीदाराने नकाशा पाहिला, पुन्हा मोजलं, पुन्हा नकाशा पाहिला.

"बांध सरकलाय," तो म्हणाला.

"ऐकलंत?" धाकटी पंचांकडे वळली. "नऊ वर्षं कानीकपाळी ओरडतेय. एक बोटभरही सोडणार नाही मी."

थोरला जमिनीकडे पाहत होता.

"थांबा, बाई. तुमच्या बाजूला नाही सरकलेला. ह्यांच्या बाजूला सरकलाय. पावणेसात फूट. ह्यांची जमीन तुमच्याकडे आहे."

थोरला ओरडला.

"शक्य नाही! फीत चुकतेय तुमची. दर वर्षी वीतभर मी स्वतः..."



"काय स्वतः?" एका पंचाने विचारलं.

"स्वतः बघतो ना मी. बांध बघतो." त्याने कपाळ पुसलं. मग त्याला सुचलं आणि आवाज चढला. "म्हणजे हिनंच सरकवला! गरीब गाय म्हणून फिरते आणि माझीच जमीन खाते. वर अर्जही हिचाच! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. लिहा साहेब. अतिक्रमण, अर्जदार बाईचं."

"मी बांधाला हात लावलेला नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज खाली आला नव्हता. "ज्यांनी लावला त्या तिथं उभ्या आहेत. दर वर्षी पाहिलंय मी, कुदळीने कोरताना."

"काय बोलतेस? माझी बायको माझाच बांध आत घेईल? वेड लागलंय का?"

मोजणीदाराने पेनचं टोपण काढलं. "असे पावणेसात फूट आपोआप सरकत नाहीत. कुणाचं तरी नाव लिहावं लागेल मला. अर्जदाराचं लिहितो."

"माझं लिहा," धाकटी म्हणाली. "पण मी सही करणार नाही. तहसीलपर्यंत जाईन."

थोरलीने कळशी खाली ठेवली. कुदळ हातातच होती. ती बांधावर चढून आली आणि नवऱ्याला ओलांडून मोजणीदारापुढे उभी राहिली.

"साहेब, मघाशी माझा रकाना मोकळा ठेवलात ना? तिथं लिहा. बांध मी सरकवला."

"तू?" थोरला म्हणाला.

"तुम्ही वीतभर घ्यायचात, मी तिच्याकडची माती तासून आपल्याकडे लावायची आणि दोन विती परत द्यायची. एक तिची होती. दुसरी माझ्या वाटणीची."