प्लॅटिनम मामा

मामांनी भाचीने आणलेल्या सुटाच्या कापडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"चांगलंय," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "बबनला दे."

मिनलने मामीकडे पाहिलं. मामी चहाचे कप ठेवून गुपचूप आत सटकली. तिच्या धाकट्या बहिणीचं, नेहाचं लग्न रविवारी होतं. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामाने, आणि सख्खे काशीनाथ मामा तर इथे भाईंदरच्या खारीत, दुसऱ्या मजल्यावर रुसून बसलेले. तिकडे पूनम सागरला, मिनलच्या घरी, नेहाने रडून डोळे सुजवून घेतले होते. मामांशिवाय उभीच राहणार नाही, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. लग्न पाहावं करून म्हणतात, ते काही उगाच नाही.

रुसवा तसा साधाच होता. मिनलचे बाबा पत्रिका, अक्षता आणि पेढे घेऊन याच बिल्डिंगीत आले, मामांच्या दारावरून वर गेले, तिसऱ्या मजल्यावर बबनला आमंत्रण दिलं आणि तसेच खाली उतरले. बबन म्हणजे आईचा लांबचा चुलतभाऊ. मामांनी दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. त्यांनी पावलं वर जाताना ऐकली, खाली जातानाही ऐकली. मान सांगावा जना, अपमान सांगावा मना, म्हणून ते स्वतः गप्प राहिले. बाकी सगळीकडे फोन मामीने केले.

"तुझ्या आईने सांगितली तेवढी घरं मी केली," एवढंच बाबा म्हणाले. आईला विचारायची सोय नव्हती. लग्नाच्या गडबडीत ती सध्या कुणाचं काही ऐकूनच घेत नव्हती. पण मिनलला तशी काळजी वाटत नव्हती. ती एका विमान कंपनीत होती. सारखं उडणाऱ्या प्रवाशांना दर्जे द्यायचे आणि त्या दर्जांना नावं शोधायची, हेच तिचं काम. रुसलेल्या माणसाला एक पायरी वर चढवलं की तो हसतो, यावर तिचा सगळा विभाग चालत होता.

"मामा, ऐका ना. बबनमामांना खुर्ची, तुम्हाला सोफा. त्यांनी रिक्षाने यायचं, तुमच्या दारात गाडी येणार. म्हणजे कसं, ते सिल्व्हर आणि तुम्ही प्लॅटिनम!"

"हे काय नवीन?" मामांची मान वळली. भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस तो. धातूचं नाव निघालं की कान टवकारायचेच.

"आमच्याकडे असतं तसं. खूप विमानप्रवास केला की आम्ही त्याला सिल्व्हर करतो. अजून केला की गोल्ड, मग प्लॅटिनम. काही कंपन्यांत त्याच्यावर डायमंड."

"आणि सगळ्यात खाली?"

"खाली सिल्व्हरच. तुम्ही खाली आहात असं कुणाला सांगायचं नसतं मामा. म्हणून सुरुवातच चांदीपासून."

"स्टील नाही?"

"स्टील कोण घेईल?"

"टिकतं," मामा म्हणाले. हसू ओठांपर्यंत आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "बरं, प्लॅटिनमवाल्याला मिळतं काय?"

"वेगळी रांग. विमानात आधी बसायचं. बॅग आधी हातात."

"विमान आधी पोचतं?"

"नाही हो. पोचतात सगळे एकदमच."

"आणि तरी तो खूश?"

"असतो ना. पुढे दुसरा प्लॅटिनमवाला उभा दिसेपर्यंत." मिनल आता रंगात आली होती. "आता तर इतके झालेत की त्यांचीच रांग लांब झालीये. म्हणून वर अजून एक दर्जा काढतोय आम्ही. नाव सुचत नाहीये."

मामांनी कप खाली ठेवला.

"मिनल, मला सोफा नको. गावाला ओढा भरला की तुझ्या आईला मी पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवायचो. तिला बबन आठवला. मी आठवलो नाही. का, तेवढं सांग."

मिनलला एकदम स्वतःची लाज वाटली. गाडी आणि सोफा घेऊन ती कुणाला समजवायला आली होती? तिने फोन काढला, आईला लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, मामांना आमंत्रण का नाही दिलं?"

पलीकडे मिक्सर थांबला.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? आमंत्रण बाहेरच्यांना देतात. दादाला काय अक्षता देऊन सांगू, या हं लग्नाला? हॉलवाला विचारतोय, आचारी विचारतोय. सगळ्यांना सांगून बसलेय, माझा भाऊ येऊन ठरवेल. महिना झाला वाट बघतेय आणि ह्याचा पत्ताच नाही! अन् वर रुसलाय म्हणे. रुसायचं तर मी रुसायला हवं! तिथेच बसलाय ना तो? सांग त्याला, बासुंदी करायची की श्रीखंड ते अजून ठरलेलं नाही." आणि फोन बंद झाला.

मामांनी चष्मा काढून पुसला, डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा पुसला. उठून चपला पायात सरकवल्या.

"मामा, रिक्षा बघू का?" मिनलने विचारलं.

पण मामा जिना उतरलेच नाहीत. ते तरातरा वर गेले आणि तिसऱ्या मजल्यावरचं दार त्यांनी दणदण वाजवलं.

"बबन, रविवारी आमच्या घरी लग्न आहे. सहकुटुंब यायचं बरं का!"