शब्द संपला की

नव्या कंप्युटरला कंठ फुटला, तेव्हा कुठे मुलाच्या जिवात जीव आला. जुना सकाळी बंद पडला होता आणि त्याच्याबरोबर आईची वाचाही. घशाच्या ऑपरेशननंतर ती टाइप करायची आणि मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम ते बोलून दाखवायचा. जुन्या सिस्टीमवर पोपटासारखा बोलणारा तो प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर आल्या आल्या मुका झाला. आवाजाची सगळी जोडणीच तिच्यात निराळी होती. दुपारभर तो तीच नव्याने लिहीत बसला होता.

"बघ बरं काहीतरी बोलून," येरझाऱ्या घालत तो म्हणाला.

"पायाला भिंगरी लागलीय का? बस खाली," कंप्युटर म्हणाला.

तो हसला, पण बसला नाही. पूर्वी आईने एंटर दाबल्याशिवाय प्रोग्रॅम तोंड उघडत नसे. आता शब्द संपला की बोलून मोकळा होत होता. घाईत काहीतरी चुकलं होतं. बघू नंतर, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. परदेशातल्या नोकरीला हो की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं आणि आईला विचारायचं अजून राहिलंच होतं. खिडकीबाहेर बघत त्याने एकदाचं विचारून टाकलं.

"मी गेलो तर चालेल ना तुला?"

मागे बोटं चालू लागली.

"नको," कंप्युटर म्हणाला. "जाऊस."

बोटं थबकली. मग पुन्हा चालली.

"खुशाल जा. मला काय धाड भरलीय?"

तो वळला. पडद्यावर दुसरंच वाक्य तेवढं उरलं होतं. पहिलं तिने पुसलं होतं. जुन्या कंप्युटरवर ते त्याच्या कानांवर आलंच नसतं.

"आई, आधी काय लिहिलं होतंस?"

"आधी," कंप्युटर म्हणाला. "हे. दुरुस्त. कर."

"करतो. पण तू खरं काय ते सांग."

आईने हात लांब करून स्पीकरचं बटण फिरवलं, आवाज पार बंद होईपर्यंत. मग ती टाइप करू लागली. पडदा दिसू नये म्हणून तो पुन्हा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. टेबलावर त्याचा फोन थरथरला. त्याने तो उचलला नाही.

मागे कीबोर्डच्या कळा बराच वेळ वाजत होत्या. मग एकच कळ वाजू लागली, पुसायची. ती थांबेचना.